डॉक्टरांनी आवाजाचं विचारलं

"डोक्याचे डॉक्टर डोकं उघडून पाह्यतेत का वं बाई?" रंजूनं माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"तुहं उघडलं तर त्यायले काय सापडीन? शिळ्या भाकरीचे तुकडे," मी म्हटलं, आणि बाकावरच्या बायका फस्सकन हसल्या.

हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. त्या दिवसांत हसू आलं की चोरी केल्यासारखं वाटायचं.

कंपनीच्या गेस्ट हाउसचा तो व्हरांडा. त्यात आम्ही आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं, बसमधून जाता-येता नुसते पडदे पाहिले होते. आत एका खोलीत नागपूरहून बोलावलेले मानसोपचाराचे डॉक्टर बसले होते आणि बाहेर बाकावर आम्ही, कारखान्याच्या अकरा नंबर शेडमधल्या बायका, एकेक करून आत जायची वाट पाहत होतो. डॉक्टरांना जी ठीक वाटेल ती फिट, तिनं सोमवारपासून कामावर यायचं. जी वाटणार नाही ती अनफिट, तिनं घरी बसायचं. पर्सोनेल ऑफिसर पोहेकर साहेबांनी सकाळीच हे सांगून टाकलं होतं.

"घाबरू नका," ते म्हणाले होते. "जे विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या. पाल्हाळ नको. खऱ्याला मरण नसतं."

बारा नंबरातल्या पाच जणींना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि हा माणूस मरण कोणाला नसतं ते आम्हाला सांगत होता. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण नोकरीची गरज असलेल्या बाईला जीभ दाताखाली ठेवावी लागते.

आमच्या कारखान्यात कोळशाच्या खाणीत सुरुंगाला लागणाऱ्या नळ्या बनायच्या. करंगळीएवढी ॲल्युमिनियमची नळी, तिच्यात पूड भरायची, ट्रेमध्ये उभी करायची. काम बोटांचं, म्हणून बायकांचं. पुरुषांची बोटं जाड असतात असं साहेब लोक म्हणायचे. आत जाताना केसांतली पिन काढायची, नायलॉनची साडी नेसायची नाही, गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा गेटजवळच्या खोलीत खुंटीला अडकवायचं आणि संध्याकाळी जिचं तिनं घ्यायचं. बारा नंबर उडालं त्या संध्याकाळी पाच मंगळसूत्रं खुंटीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी नवरे येऊन ती घेऊन गेले.

त्यातलं एक गुंफा नेवारेचं. गुंफा ही रंजूच्या माहेरची, एकाच आळीतली, एकाच वर्षी लग्न होऊन इकडे आलेली. रंजूची मी जाऊ, थोरली, पण तिची गुपितं सगळी गुंफापाशी. बसमध्ये दोघी एका सीटवर, जेवताना एका डब्यात. कामाला तेवढ्या वेगळ्या, गुंफा बारा नंबरात आणि रंजू माझ्याबरोबर अकरा नंबरात, मध्ये एक भिंत. ती भिंतच त्या दिवशी आमच्या अंगावर आली. आमचं खरचटण्यावर भागलं.

'उडालं' हा शब्द मी आता वापरते, घरात बसून. कारखान्यात तो कोणी वापरत नसे. स्फोट नाही, धमाका नाही, काही नाही. गावात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसं आमच्याकडे त्याला 'आवाज' म्हणायचं. मागच्या साली चार नंबरात आवाज झाला होता. नीट धर वं, आवाज येईन. नाव घेतलं की येतो, म्हणून नाव घ्यायचं नाही. पहिल्याच दिवशी मी चुकून बोलले तेव्हा म्हाताऱ्या धुर्वेबाईंनी माझ्या हातावर चापट मारली होती, आणि पुढे रंजूला कामाला लावलं तेव्हा तशीच चापट मी तिला मारली. ते इतकं अंगवळणी पडलं की गावातला चक्कीवाला "पट्ट्याचा आवाज येऊन रायला" म्हणाला, की दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या आम्ही दोघी दाराकडे पळत सुटायचो. तो बिचारा पाहतच राहायचा.

घरात दोन भाऊ, आमचे नवरे, दोघांची मिळून एक सायकलीची दुकानदारी, आणि ती कशी चालायची ते सांगण्यात अर्थ नाही. चूल आमच्या दोघींच्या पगारावर पेटायची. म्हणून फिट व्हायचं हे ठरलेलंच होतं. माझी मला चिंता नव्हती. मला काळजी होती ती रंजूची. गुंफा गेल्यापासून पोरगी पार आतल्या आत गेली होती. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. भांडी घासताना स्वतःशीच काही गुणगुणायची, ते तेवढं बरं लक्षण वाटायचं.

"रंजना ठवकर," आतून पुकारा झाला.

ती उठली. पदर नीट केला. कपाळावरचा घाम पुसला. मी तिच्या पाठीवर हात फिरवून म्हटलं, "भेऊ नको. जे हाय ते सांग."

ती आत गेली आणि माझ्या कपातला चहा गार व्हायच्या आत बाहेर आली.

"काय इचारलं वं?"

"सोपं सोपं. झोप येते का, भूक लागते का, जीव द्यावासा वाटते का. अजून दोन-चार." तिनं माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. "चांगले हायेत डॉक्टर. मी सगळं खरं सांगतलं."

माझा जीव भांड्यात पडला.

मग मला बोलावलं. डॉक्टर खरंच चांगले होते. पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे, पुण्याकडच्या पुस्तकी मराठीत बोलणारे. समोर प्रश्नांचा छापील कागद. बसा म्हणाले, पाणी हवं का विचारलं. साहेब लोकांच्या खोलीत मला पाणी विचारणारा तो पहिला माणूस. त्यामुळे मी जरा खुलले, आणि माझा तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

झोप, भूक झाली. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला आवाज ऐकू येतात का?"

"आला ना साहेब. इतक्या जवळून आल्यावर ऐकू येणार नाही का?"

त्यांनी मान वर केली. "किती जवळून?"

"हे असं. भिंतीच्या पलीकडून."

"एकदाच, की पुन्हा पुन्हा?"

"मी लागल्यापासून तीनदा आला. पण आधीचे दोन लहान होते."

"लहान म्हणजे? लहान मुलांचे?"

मला हसूच आलं. "नाही बाप्पा! लहान म्हणजे लहान. हा मोठा होता."

ते लिहीत होते. काय लिहितात ते पाहायची मला गरज वाटली नाही. शिकलेला माणूस आपलं बोलणं उतरवून घेतोय याचंच मला कौतुक.

"आवाज तुम्हाला काही करायला सांगतो?"

हा प्रश्न मला फार आवडला. वाटलं, इतक्या लोकांनी येऊन चौकशी केली, फोटो काढले, पण त्या क्षणी अंगात काय होतं ते ह्या एकालाच कळलं.

"सांगते ना! पळ म्हणते. दुसरं काय सांगीन?"

"आणि तुम्ही ऐकता त्याचं?"

"ऐकलं म्हणून तर तुमच्यापुढं बसली हाय साहेब. ज्यायनं नाही ऐकलं त्या गेल्या."

डॉक्टर काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या नजरेत दया होती. ती मी मेलेल्यांसाठी समजले.

"पुन्हा येईल अशी भीती वाटते?"

"भीती कायची? येणारच हाय. आज नाही तर उद्या. इथं काम करते त्या प्रत्येकीले ते माहीत असते."

"प्रत्येकीला," ते म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. मग उठून मला नमस्कार केला. मीही केला. बाहेर येऊन रंजूला म्हटलं, "देवमाणूस हाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी पोहेकर साहेबांनी गेटवर नावं वाचली. रंजना ठवकर, फिट. धुर्वेबाई, फिट. एकेक नाव येत गेलं, बायका एकमेकींना टाळ्या देत गेल्या. वाचून संपलं. माझं नाव आलंच नाही.

"साहेब, सिंधू ठवकर राह्यली."

"राहिली नाही," पोहेकर म्हणाले आणि चष्मा काढला. "तुम्ही अनफिट आहात. एकट्या तुम्हीच."

टाळ्या थांबल्या. माझ्या शेजारी उभी असलेली बाई नकळत एक पाऊल सरकली. मी तिला वर्षानुवर्षं माझ्या डब्यातलं खाऊ घातलं होतं.

"काहून? मले काय झालं?"

पोहेकरांनी मला बाजूला घेतलं. माणूस दुष्ट नव्हता, फक्त आपल्या खुर्चीपलीकडचं काही दिसत नसलेला होता. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या कानात कोणी बोलल्यासारखे आवाज येतात म्हणे. ते तुम्हाला पळायला सांगतात आणि तुम्ही त्यांचं ऐकता. आता अशा बाईच्या हातात मी भरलेला ट्रे कसा देऊ?"

क्षणभर मला काही कळेना. मग कळलं, आणि मी हसायला लागले. थांबता थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसतच राहिले. ज्या बाईला नुकतंच वेडी ठरवलंय तिनं गेटवर उभं राहून असं हसू नये, हे कळत होतं, पण ते माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"साहेब, आवाज म्हणजे आवाज! आपला आवाज! बारा नंबरातला! तुम्हाले तर माहीत हाय आपल्याकडे आवाज कायले म्हणते."

पोहेकरांनी कपाळाला हात लावला. त्यांनाही कळलं होतं, मी शपथेवर सांगते.

"मला माहीत असून काय उपयोग?" ते म्हणाले. "मी डॉक्टर आहे का? त्यांची सही झाली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, तेव्हा नीट सांगा."

"अन् तोपर्यंत?"

"तोपर्यंत आराम करा," ते म्हणाले. वेड्या माणसाशी जसं गोड बोलतात तसं.

सोमवारी बस आली आणि रंजू एकटी गेली. मी अंगणात उभी राहून बस वळेपर्यंत पाहिली. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. विहिरीवर बायका माझ्यापुढे बोलायच्या थांबायच्या. आमच्या घरधन्याला तर खेळणंच मिळालं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्यावर मी भांडले की ते म्हणायचे, "तुह्याशी आता भांडायची सोय नाही. तू सर्टिफिकेटवाली." मीही हसायचे. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे, तेही सांगून टाकते, त्यात लपवायचं काय.

एकच समाधान होतं. रंजू सुधारत होती. कामावर जायला लागल्यापासून तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. सकाळी लवकर उठून वेणी घालायची. एकदा म्हणाली, "बाई, डब्यात दोन भाकरी जास्तीच्या टाकत जा." मला इतका आनंद झाला की मी तीन टाकल्या. पोरीला भूक लागायला लागली, म्हटलं, डॉक्टरनं माझ्या बाबतीत माती खाल्ली पण हिच्या बाबतीत बरोबर ओळखलं.

मग एका संध्याकाळी ती बसमधून उतरली, डबा धुवायला घेतला आणि म्हणाली, "उद्या लोणचं वेगळं बांधजो बाई. तेल भाकरीले लागते, अन् गुंफाले तेलानं खोकला येते."

मी चुलीपुढे होते. हातातली फुंकणी तशीच राहिली.

"कोणाले?"

"गुंफाले."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. नळाखाली ती डबा विसळत होती, अगदी रोजच्यासारखी, आतून बाहेरून.

"रंजू, गुंफा कुठं हाय?"

"बारा नंबरात," ती म्हणाली. मी इतकी साधी गोष्ट का विचारते याचंच तिला नवल. "त्यायनं टीन ठोकून बंद केलं ना, तर ती आतच राह्यली. मले हाका मारते दिवसभर. दार उघड म्हणते. इकडची कडी बाहेरून हाय, तिले उघडता येत नाही. मी भाकर टिनाच्या फटीतून टाकतो, पण ती म्हणते, भाकर नको, दार उघड."

"कधीपासून बोलते ती तुह्याशी?"

"पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशीच बोलली. मी भांडी घासत होती तेव्हा."

म्हणजे ते गुणगुणणं नव्हतं. गुंफा तिच्याशी बोलत होती आणि ती गुंफाला उत्तर देत होती, आणि मी चार हातांवर बसून ते गाणं समजत होते.

"अवो माय... अन् डॉक्टरले हे काहून नाही सांगतलं? मी म्हटलं होतं ना, जे हाय ते सांग!"

रंजूनं डबा उपडा ठेवला. तिला माझ्या ओरडण्याचं वाईट वाटलं होतं.

"त्यायनं गुंफाचं इचारलंच नाही, बाई. आवाज येते का म्हणे. मी म्हटलं, नाही साहेब. त्या दिवसानंतर एकबी आवाज नाही आला, देवाच्या कृपेनं सगळं शांत हाय. मग ते दुसरं इचारू लागले." ती माझ्याकडे पाहत राहिली. "खोटं कशी बोलू मी?"

तिच्या जागी मी असते तरी 'आवाज' म्हटल्यावर गुंफाचं नाव घेतलं नसतं. अकरा नंबरातल्या कोणीही घेतलं नसतं.

त्याच संध्याकाळी मी तिच्या नवऱ्याला गाठलं. मोरेश्वर भाऊजी माझ्यापेक्षा लहान, पण घरात त्यांचा शब्द मोठा. मी सगळं सांगितलं, डब्याचं, भाकरीचं, कडीचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रंजूला हाक मारली.

"वहिनी म्हणते, तू मेलेल्या बाईशी बोलते."

रंजूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मेलेल्या बाईशी कोण बोलीन?" ती म्हणाली. तिच्या हिशेबी गुंफा मेलीच नव्हती.

"ऐकलं?" भाऊजी मला म्हणाले. "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. इतका मोठा डॉक्टर. त्यानं तिले फिट म्हटलं अन् तुमाले अनफिट. आता मी कोणाचं खरं मानू?"

"मले पंधरा वर्षांपासून ओळखता तुम्ही."

"म्हणूनच सांभाळून घेऊन रायलो," ते म्हणाले.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "झोप आता." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. भीती होती. ती माझ्याबद्दलची भीती होती, आणि ते पाहून मला पहिल्यांदा खरोखर धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी पायी कारखान्यावर गेले. गेटवाल्यानं आत सोडलं नाही, इतक्या वर्षांची ओळख असून नाव विचारलं. मी हटले नाही, तेव्हा पोहेकर साहेब गेटपर्यंत आले. मी जाळीतून बोलत होते, ते जाळीपलीकडून ऐकत होते.

"रंजनाबाईंचं काम एक नंबर आहे," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त ट्रे भरतात. सुपरवायझर खूश आहे."

"साहेब, तिच्या हातात भरलेला ट्रे असतो अन् ध्यान बारा नंबरच्या दारात असते. तिच्या बाजूले धुर्वेबाई बसते, दहा-बारा जणी बसतेत. एकदा तिले पाहून तर घ्या. डॉक्टरले फोन करा."

"काय सांगू फोनवर? अनफिट बाई फिट बाईची तक्रार घेऊन आली म्हणून?" मग जरा जवळ येऊन, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, होतं असं. आपण लावलेली माणसं पुढे जातात, आपण मागे राहतो. मनात येतं. पण जावेच्या पोटावर पाय देऊ नका."

मी जाळीला धरून उभी राहिले. त्यांच्यावर राग यायला हवा होता. पण त्यांच्याकडे माझं खरं मोजायचं माप उरलेलं नव्हतं. मी शांत बोलले तर मी धूर्त, ओरडले तर वेडी, आणि रडले तर बिचारी. घरी आले.

त्यानंतरची जी सकाळ, तिची गोष्ट गावात अजूनही 'सिंधूनं जावेचा हात मोडला' एवढीच सांगतात. तेवढी खरी आहे.

मी अंगणातल्या दगडावर कपडे धूत होते. भाऊजी कडुनिंबाची काडी चावत उभे होते. रस्त्यावर कंपनीची बस येऊन थांबली, खिडक्यांत ओळखीचे चेहरे. रंजू घरातून बाहेर आली. चांगली साडी नेसली होती, सणाला नेसते ती सुती. केसांत फूल.

"आज एवढी नटून कुठं?" मी विचारलं.

ती माझ्याशेजारी वाकली आणि लहान पोरीसारखं कानात सांगितलं, "आज उघडतो दार. रात्री कबूल केलं मी तिले. अन् भरलेला ट्रे नेऊन देईन. त्या दिवशी तिचा अर्धाच राह्यला ना, साहेब ओरडीन म्हणून भेते ती. टिनाले दोन लाथा घातल्या का पडते ते."

"हातात ट्रे घेऊन लाथा घालशील?"

"मग? खाली कसा ठेवू? सांडीन ना."

मी तिचं मनगट धरलं. ओल्या हातानं, घट्ट. "आज नको जाऊ. माह्यासाठी नको जाऊ."

"सोड बाई. ती वाट पाहून रायली."

"भाऊजी!" मी ओरडले. "ऐका ही काय म्हणते! सांग वं त्यायले, सांग!"

रंजू गप्प झाली. ते गुपित होतं, मैत्रिणीचं. भाऊजींनी काडी थुंकली. "वहिनी, तमाशा पुरे. बस जाईन. सोडा तिले."

बसनं हॉर्न दिला. रंजूनं हिसडा मारला. माझे हात साबणाचे, ती सुटली आणि डबा उचलायला वळली.

माझ्या पायाशी कपडे धुवायची मोगरी पडली होती, बाभळीची, जड. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, शहाण्या बायकांचे सगळे उपाय करून झाले. आता वेडीनं जे करायचं ते राहिलंय, आणि त्याला माझ्याकडे डॉक्टरची सही आहे.

मी मोगरी उचलली. रंजूचा उजवा हात डब्याच्या कडीवर होता. ज्या हातानं ती नळ्या उभ्या करायची, ज्या हातानं मला पहिल्या दिवशी नमस्कार केला होता, त्या हातावर मी सगळ्या ताकदीनिशी मारलं. एकदा. हाडाचं मोडणं मला माझ्या खांद्यापर्यंत जाणवलं.

ती किंचाळली आणि खाली बसली. बसमधल्या बायका किंचाळल्या. धुर्वेबाई, ड्रायव्हर, चार-सहा जणी उतरून धावत आल्या. भाऊजींनी माझे केस धरून मला मागे खेचलं, मोगरी हिसकावून घेतली आणि माझ्यावर उगारली. "डाकीण! पोरीचा जीव घेते!" मी प्रतिकार केला नाही. मी रंजूकडे पाहत होते. तिचा हात मनगटाखाली वाकडा लोंबत होता, चेहरा पांढरा पडला होता.

धुर्वेबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रडू नको बेटा, हे काय झालं वं..."

रंजू रडत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. मोडका हात छातीशी धरून तिनं मान वळवली, बसच्या मागे जिथं रस्ता रिकामा होता तिकडे, आणि अगदी समजूत काढल्यासारखी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"गुंफा, आज नाही येता येत वं मले. हात मोडला माहा. तू रडू नको. आतच बस. मी एका हातानं ट्रे धरायचं शिकतो, मग येतो."

रंजू थोडा वेळ ऐकत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, "हो. सांगतो साहेबाले. तुहा ट्रे माह्या नावावर टाका म्हणून."

धुर्वेबाईनं तोंडाला पदर लावला. माझ्या केसांतली भाऊजींची मूठ तशीच घट्ट होती. मग ती हळूहळू सुटली.